मागच्या खोलीतला खच

१

मोडलेल्या वस्तूंकडे बघत बसणं हा माझा धंदा. विमा कंपनीची मी सर्वेअर. कुठे आग लागली, कुठे गोदामात पाणी शिरलं, कुठे छप्पर बसलं, की मला पाठवतात. लोकांना वाटतं मी संशय घेत फिरते. खरं सांगायचं तर मी बसायला खुर्ची कुठे मिळेल ते बघत फिरते. दोन्ही गुडघे माझ्याआधी निवृत्त झालेत.

त्या सकाळी खुर्ची मिळाली नाही. चिनी मातीच्या भांड्यांचा तो कारखाना. मालकांनी मला थेट मागच्या खोलीत नेलं, कुलूप काढलं आणि म्हणाले, "बघा मॅडम. होत्याचं नव्हतं झालं."

भिंतीला लावून उभी असायची ती उंच लाकडी मांडणी पालथी पडली होती. तिच्याखाली, आजूबाजूला, पार उंबऱ्यापर्यंत बश्या, वाडगे आणि चहाचे मग यांच्या तुकड्यांचा खच. चपला घालूनही पाऊल टाकायची भीती वाटावी असा.

"सगळा सेकंडचा माल," मालक म्हणाले. "म्हणजे किंचित खोट असलेला. कुठे झिलईत टाचणीएवढं भोक, कुठे काठ जरासा वाकडा. वापरायला चांगला, पण पहिल्या प्रतीत बसत नाही. पुढच्या दुकानात माझी भावजय तो स्वस्तात विकते. धाकट्या भावाची बायको. भाऊ वारला."

"हे झालं कधी?"

"गेल्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी. भर दुपारी. भट्टी बंद, दुकान बंद, भावजय मुलीच्या बाळंतपणाला गेलेली. गेटवर म्हातारा रखवालदार, तो घोरत होता. धडाड्धूम झालं तेव्हा जागा झाला. त्याच दिवशी घरी पाठवला त्याला."

"मांडणी पडली त्यात त्याचा काय दोष?"

"पडली नाही हो, पाडली! तो झोपला म्हणून कुणीतरी आत शिरलं. आमच्या वाईटावर टपलेले काय कमी आहेत?"

असं प्रत्येक मालक म्हणतो. जुनी मांडणी, जड माल, पडली असेल आपोआप, असं मनाशी म्हणत मी वाकले. मांडणीच्या वरच्या फळीला तार होती. ती भिंतीतल्या हुकाला बांधलेली असायची. वजनानं तार तुटते तेव्हा तिचं टोक ताणून बारीक होतं. हिचं टोक नागमोडी होतं. पीळ उलगडल्यावर राहतं तसं.

मालकांचं बरोबर होतं. कुणीतरी तार सोडली होती, एकेक पीळ उलगडत, सावकाश. चोरून आत शिरलेला माणूस असा निवांत वागत नाही.

२

खुर्ची शेवटी शोरूममध्ये मिळाली.

कारखान्याच्या तोंडाशी दोन दुकानं, एकाच इमारतीत, मध्ये एक पातळ भिंत. डावीकडे सेकंडचं दुकान, उजवीकडे पहिल्या प्रतीच्या मालाचं शोरूम. दोन्हीच्या मागे एकेक खोली, आणि त्या खोल्यांच्या मधे एक दार. कडी शोरूमच्या बाजूला. "ते दार आम्ही कित्येक वर्षांत उघडलेलं नाही," असं मालक म्हणाले होते.

शोरूम मालकांच्या पत्नी बघायच्या. कामगार त्यांना थोरल्या म्हणत आणि भावजयीला धाकट्या, म्हणून मीही तसंच म्हणते. काचेची कपाटं, पांढरे दिवे, आणि लोक बोलतानाही आवाज खाली आणतील अशी शांतता. मी बसले तेव्हा एक जोडपं चहाचा संच घेत होतं.

"खोक्यात घालून द्या," बाई म्हणाल्या.

"खोकी संपलीत," थोरल्या म्हणाल्या. "कागदात नीट गुंडाळून देते. पिशवी आहे ना?"

"एवढं महागाचं घ्यायचं आणि भाजीसारखं पिशवीतून न्यायचं?"

थोरल्यांनी माफी मागितली आणि गुंडाळायला वाकल्या. वाकताना त्यांचा हात कमरेवर गेला. त्यांच्या अंगाला मलमाचा वास येत होता. माझ्या चांगल्या ओळखीचा; माझ्या उशीलाही तोच येतो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आमचे हे. "अगं, चहाची गाळणी कुठे ठेवलीस?" जन्मभर बँकेत मोठमोठ्या तिजोऱ्या सांभाळलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरात रोज हरवतो. "हातात बघा," मी म्हटलं. "हो की." फोन बंद.

थोरल्या पहिल्यांदाच किंचित हसल्या. मी तो धागा धरला.

"तुमचं आणि धाकट्यांचं कसं आहे?"

"बोलणं नाही," त्या म्हणाल्या. कुणी घराचा पत्ता विचारावा आणि सांगावा तसं. "दीर गेले तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द गेला. फुटकं नशीब घेऊन आली म्हणाले मी. तिनं ऐकलं. तेव्हापासून ती त्या बाजूला आणि मी या."

"शेजारी असून?"

"त्या दुकानात मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. तिथली बशी कधी हातातसुद्धा घेतली नाही. कुणालाही विचारा."

"मांडणी पडली त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"घरी. जरा पडले होते."

मी उठायला लागले. गुडघ्यांनी नेहमीप्रमाणे निषेध नोंदवला. थोरल्यांनी मला हात दिला आणि तो न सोडता विचारलं, "बाई, तुमच्या कागदात त्या रखवालदाराचं नाव लागेल का? त्याच्यावर ठपका येईल?"

"अजून काहीच ठरलं नाही."

"त्याची काही चूक नाही हो," त्या म्हणाल्या.

सकाळपासून मला सगळे मालाबद्दल सांगत होते. त्या माणसाबद्दल विचारणाऱ्या या पहिल्याच. आणि त्याची चूक नाही हे त्यांना इतकं पक्कं कसं माहीत, हा प्रश्न मी सोबत घेऊन बाहेर पडले.

३

दुपारी एक पालथं घमेलं घेऊन मी त्या खचात बसले आणि तुकडे चिवडायला लागले. हे काम कंटाळवाणं असतं. पण माणसं बोलताना सावध होतात, तुकडे होत नाहीत.

चिनी माती नुकती फुटली की आतून खडूसारखी पांढरीशुभ्र दिसते. माझ्या हातातली कड पांढरी होती. दुसरी पांढरी. तिसरी मात्र करडी, मळकी. मी ती पदराला पुसली, मळ गेला नाही. आत मुरला होता. मग तशा कडा दिसतच गेल्या. एका वाडग्याचा अर्धा भाग हाती आला, त्याच्या फुटलेल्या कडेवर हिरवं शेवाळ धरलं होतं.

कुलूपबंद, कोरड्या खोलीत आठवड्यापूर्वी फुटलेल्या वाडग्यावर शेवाळ कसं येईल?

दाराशी सावली पडली. माल पारखणारे काका. भट्टीतून निघालेला प्रत्येक नग त्यांच्या हाताखालून जायचा: चांगला, सेकंड, नाही तर बाद. कपाळावर आठ्या कायमच्या; वर्षानुवर्षं लोकांच्या चुका शोधत बसल्यावर माणसाचं असं होत असावं. मी त्यांना वाडगा दाखवला.

"हा?" काकांनी तो उजेडात फिरवला. "हा सेकंड कुठला. हा बाद. तळ फाटलाय बघा, भट्टीतच फाटला. असला माल मी सेकंडला पाठवला तर धाकट्या माझ्या डोक्यात घालतील."

"बाद माल जातो कुठे?"

"भट्टीच्या मागे उघड्यावर ढीग आहे. क्रशरची गाडी येईपर्यंत पडून असतो. मग चुरा करून रस्त्याच्या भरावाला." त्यांनी वाडगा खाली ठेवला. "आता सेकंडचंही तेच व्हायचं होतं. ठाऊक नाही तुम्हाला? मालकांनी हुकूम काढला. महिनाअखेर सेकंडचं दुकान बंद, सगळा माल क्रशरला. व्यापारी कुरकुरतात म्हणे, दारातच स्वस्त मिळतं तर आमच्याकडून कोण घेईल?"

"तुम्हाला पटलं?"

"मला कोण विचारतो! चांगला वापरता येईल असा मग, त्याच्या बुडाला एक ठिपका उठला म्हणून फोडायचा. एवढी माती खणली, मळली, एवढा जाळ घातला... घरात मूल काळं झालं म्हणून कुणी टाकून देतं का?" मग ते एकदम थांबले. "माझ्यावर संशय आहे की काय?"

"सगळ्यांवर आहे, काका. मला पगार त्याचाच मिळतो."

ते पुटपुटत निघाले. दारात वळून म्हणाले, "आता तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. तो बाद मालाचा ढीग खाली बसलाय. चांगला पुरुषभर उंच होता. उंदरांनी पोखरला असेल."

उंदीर वाडगे नेत नाहीत. ढीग खाली बसला होता, कारण ढिगातला माल माझ्या पायाशी पडला होता. कुणीतरी बाद माल इथे आणून ओतला आणि त्यावर मांडणी पाडली.

मग मांडणीवरचा सेकंडचा माल गेला कुठे?

४

धाकट्या सेकंडच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. शटर खाली. बाळंतिणीकडून त्या तातडीनं परतल्या होत्या, पण मालकांनी मागची खोली माझ्यासाठी बंद ठेवली होती, त्यामुळे त्यांनी आत काय झालंय ते पाहिलंच नव्हतं.

"पाहायचंही नव्हतं," त्या म्हणाल्या. "आज ना उद्या फुटणारच होतं. क्रशरनं फोडलं काय, मांडणीनं फोडलं काय. मी थकले आता. एवढी वर्षं लोकांना सांगतेय, जरा वाकडं असलं म्हणून टाकू नका. घरच्यांनाच पटलं नाही."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले. "तुम्ही विकायचात कशा?"

"सरळ. आधी खोट दाखवायची, मग किंमत सांगायची. घरी गेल्यावर गिऱ्हाइकाला खोट सापडली तर तो फसलो म्हणतो. मी आधीच दाखवली तर तोच म्हणतो, एवढंच ना? चालेल!" त्यांनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली. लाल नेलपॉलिश. "मुलगी सासरी जाताना सोडून गेली. वाया कशाला घालवायची? माल दुकानात आला की प्रत्येक नगाची खोट शोधायची आणि तिच्याशेजारी एक ठिपका द्यायचा. धुतलं तरी जात नाही. ठिपका दिल्याशिवाय मी एकही नग मांडणीवर ठेवत नाही."

"एकही?"

"एकही."

मी त्यांना हाताला धरून आत नेलं. दारात त्या क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग आम्ही दोघी बसलो आणि तुकडे उलटेपालटे करायला लागलो. मी काठ बघत होते, त्या बुडं बघत होत्या. सूप-वाडग्यांचे कान, मगांच्या मुठी, बश्यांचे तळ. ऊन खिडकीतून सरकत सरकत भिंतीवर गेलं.

एकही लाल ठिपका नाही.

धाकट्यांनी हात झटकले. "हा माझा माल नाही," त्या हलकेच म्हणाल्या. चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग एकदम रंग उतरला. "बाई, म्हणजे माझा माल कुणीतरी वाचवलाय. आणि तो वाचवायची गरज कुणाला होती? मलाच. माझ्यावरच येणार ना हे?"

"ठिपक्यांचं आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही ते विचारा! कारखान्यातला सगळा चहा माझ्याच मगांतून होतो. आठवड्याला दोनचार फुटतात, मी दोनचार देते. काका, भट्टीवाले, टेंपोवाला, रखवालदार, सगळ्यांच्या हातात ठिपक्याचा मग."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माल त्यांनीच हलवला असता, तर खोटा खच रचताना त्या ठिपके द्यायला विसरल्या असत्या का? ज्यांच्या पिशवीत अजूनही ती बाटली आहे?

५

रखवालदाराला सगळे हवालदार म्हणत, पण पोलिसात तो कधीच नव्हता. मिशांमुळे नाव पडलेलं. कारखान्याच्या मागच्या गल्लीत त्याची एक खोली. मी गेले तेव्हा तो जेवत होता. चार पुडांचा चकचकीत डबा उघडा होता आणि शेजारी पाण्यानं भरलेला मग, मुठीखाली लाल ठिपका.

"झोपलो होतो साहेब," मी विचारायच्या आत तो म्हणाला. मला बायका बाई म्हणतात, पुरुष मॅडम म्हणतात. साहेब म्हणणारा हा पहिलाच. "खोटं कशाला बोलू? दुपारचं जेवण झालं की डोळे मिटतात. आवाज झाला तेव्हा उठून धावलो. मागच्या खोलीचं कुलूप जिथल्या तिथे. मालकांना बोलावलं, कुलूप काढलं, तर आत हे."

"कुलूप शाबूत होतं?"

"मालकांनी माझ्यादेखत काढलं. म्हणून तर ते मला म्हणतात, तू किल्ली दिलीस कुणाला तरी. मी म्हणालो, झोपलो हे खरं, पण किल्ली दिली नाही." तो घास चावत राहिला. "त्यांचा राग मालावरचा आहे, माझ्यावरचा नाही. बघा ना, कामावरून काढलं तरी घरून रोज डबा पाठवतात."

"मालक?"

"मग आणखी कोण? डबा त्यांच्या घरचा आहे. मी गेटवर असताना शोरूममध्ये जाताना रोज बघायचो."

मी मग हातात घेतला. जुना होता, ठिपका थोडा घासला होता पण होता. कारखान्यातल्या प्रत्येकाच्या हाताला रोज हा लाल ठिपका लागत होता. खोटा खच रचणाऱ्याला मात्र तो माहीत नव्हता.

त्या कारखान्यात असे किती जण असू शकतात?

बाहेर पडताना मला बसायची इच्छा उरली नव्हती. जे कळलं होतं ते मला कळायला नको होतं.

६

दुसऱ्या दिवशी मी मालकांना, काकांना आणि दोघी जावांना शोरूममध्ये बोलावलं. धाकट्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. काकांनी एक खुर्ची बाहेर नेऊन दिली.

"मालक, तुमचा दावा मंजूर होणार नाही," मी म्हटलं. "सेकंडचा माल फुटलेलाच नाही. फुटला तो भट्टीमागचा बाद माल."

मालकांचा चेहरा लाल झाला. "मी लबाडी केली असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही. तुम्हाला तर तो माल फोडायचाच होता. तुम्ही मांडणी पाडली असती तर खराच माल खाली पाडला असता. बाद मालाची घमेली वाहायची तुम्हाला काय गरज? ज्यानं खच रचला त्याला माल वाचवायचा होता. फुटला म्हटल्यावर क्रशरला द्यायला कुणी मागणार नाही, एवढंच त्याचं गणित. विम्याचा त्यानं विचारही केला नव्हता."

सगळ्यांनी नकळत बाहेर बघितलं. धाकट्या खुर्चीत ताठ बसल्या.

"त्या नव्हेत," मी म्हटलं. "त्यांच्या मांडणीवर ठिपक्याशिवाय एकही नग चढत नाही. त्यांनी खच रचला असता तर पहिला ठिपका दिला असता. काकांनीही दिला असता, भट्टीवाल्यांनीही. सगळे ठिपक्याच्याच मगातून चहा पितात. खच रचणाऱ्यानं सेकंडची बशी आयुष्यात कधी हातात घेतली नव्हती. मांडणी रिकामी करताना पहिल्यांदा घेतली, तेव्हा ठिपके बघूनही त्याला वाटलं असेल, रंगाचे डाग आहेत. खोट आहे ना मालाला."

काकांनी मान खाली घातली. त्यांना आधी कळलं.

"माल बाहेर गेला नाही," मी पुढे म्हणाले. "खोलीचं कुलूप शाबूत होतं. मग खोलीत यायची दुसरी एकच वाट राहते. मधलं दार. कडी या बाजूला. दुकान बंद होतं ते सगळे दिवस, रोज दुपारी, सगळे जेवायला पांगले आणि गेटवर हवालदाराचा डोळा लागला की, थोडा थोडा माल इकडे आला आणि थोडा थोडा बाद माल तिकडे गेला. एकट्या माणसाचं काम. कंबर धरेल इतकं. माल फुटू नये म्हणून तो खोक्यांत भरला, म्हणून खोकी संपली."

शोरूममध्ये दिव्यांचा बारीक गुंजारव ऐकू येत होता.

"माझ्या बायकोनं?" मालक म्हणाले. आवाज चढलाच नाही. "अगं, ह्या काय म्हणतायत?"

थोरल्यांनी गळ्यातली किल्ली काढली, शोरूममागची खोली उघडली आणि दिवा लावला. छतापर्यंत खोकी. प्रत्येकावर कारखान्याचं नाव आणि 'प्रथम प्रत'. त्यांनी वरचं एक खोकं ओढलं, कागद बाजूला सारला. पांढरी बशी, काठाशी लाल ठिपका.

"मला वाटलं जुनी मांडणी पडली म्हणतील," थोरल्या म्हणाल्या. "विमा काढलाय हे मला कुठे ठाऊक. आणि ह्यांनी हवालदारांना हाकललं तेव्हा..." त्या थांबल्या. "तेव्हाच बोलायला हवं होतं. धीर झाला नाही. डबा पाठवत राहिले. डब्यानं काय होतं!"

"पण का?" मालक म्हणाले. "तिच्याशी तू बोलत नाहीस, तिच्या दारात जात नाहीस. तिचं दुकान बंद झालं तर तुझं काय बिघडणार होतं?"

थोरल्यांनी त्या पातळ भिंतीकडे बघितलं.

"इथे गिऱ्हाईक येतं, हात मागे बांधून फिरतं, जातं. दिवसभर मला कुणी शब्द बोलत नाही. आणि भिंतीपलीकडे गलका चालू असतो. काय बोलतात ते कळत नाही. पण घासाघीस चाललीये ते कळतं, हसतात ते कळतं. ती हसते ते कळतं. एवढी वर्षं तेवढंच ऐकत बसलेय मी. तुम्ही म्हणालात महिनाअखेर बंद. मला रात्रभर झोप आली नाही."

उंबऱ्याबाहेर खुर्ची करकरली. धाकट्या उठल्या होत्या. वळल्या आणि निघून गेल्या.

७

त्या संध्याकाळी थोरल्या स्वतः हवालदाराच्या खोलीवर गेल्या. मला सोबत चला म्हणाल्या. एकट्यानं पाय उचलत नव्हता. गल्लीत आम्ही दोघी एकमेकींना धरून चाललो, कोण कुणाला आधार देतंय ते बघणाऱ्याला कळलं नसतं.

त्यांनी सगळं उभ्यानंच सांगितलं, एका दमात. हवालदार ऐकत होता. मिशा हलत नव्हत्या.

"सगळा माल?" शेवटी तो म्हणाला. "एकट्यांनी?"

"हो."

"ढिगापासून खोलीपर्यंत? ती घमेली घेऊन?"

"हो."

त्यानं कोपऱ्यातला डबा उचलून हातात घेतला. मग जरा रागानंच म्हणाला, "मला उठवायचं ना."

थोरल्या तिथेच त्याच्या उंबऱ्यावर बसल्या आणि रडल्या. तो डबा घासायला घेऊन गेला, तेवढंच त्याला सुचलं.

सकाळी मी दावा मागे घेतल्याची सही घ्यायला कारखान्यात गेले. मालक रात्रभर जागलेले दिसत होते. सही करताना म्हणाले, "हवालदाराला निरोप धाडलाय. येईल." पेन ठेवलं. "पण सेकंडचं दुकान उघडणार नाही मी. व्यापाऱ्यांना शब्द दिलाय. एकदा दिला तो दिला."

"नका उघडू," दारातून थोरल्या म्हणाल्या. "शोरूम माझ्या नावावर आहे. तिच्या मालासाठी अर्धी कपाटं रिकामी करते. तुमचा शब्द दुकानाचा होता ना?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं, जणू हेही विम्यात बसतं का म्हणून. मी कागद पिशवीत घातले.

मी निघाले तेव्हा थोरल्या शोरूममागच्या खोलीत होत्या. एका खोक्याला मिठी घालून उचलायचा प्रयत्न चालला होता, उचललं जात नव्हतं. मी पुढे होणार तेवढ्यात कुणीतरी मला बाजूला सारून आत गेलं. धाकट्या. पदर खोचलेला. त्या खोक्याच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या. थोरल्यांकडे बघितलं नाही.

"कमरेनं नका उचलू, ताई," त्या म्हणाल्या. "गुडघ्यात वाका."

थोरल्या गुडघ्यात वाकल्या. खोकं जमिनीपासून वर आलं, दोन पावलं गेलं आणि वाटेतच खाली टेकलं, कारण थोरल्यांना दम लागला. दोघी त्याच्यावर बसल्या, पाठीला पाठ लावून, कारण खोक्यावर तेवढीच जागा होती. थोरल्यांचा दम ओसरला. मग धाकट्या म्हणाल्या, "चला," आणि दोघींनी ते परत उचललं.